दयेचे माप

गेल्या फाल्गुनात भोकर तालुक्यातील एका गावी कीर्तन आटोपून मी ओसरीवर पाय धूत बसलो असता एका वयोवृद्ध माळकऱ्याने जवळ येऊन हळूच विचारले, "महाराज, राग मानू नका. पण तुमच्या घरी कोंबडं पाळलंय म्हणे. त्याच्यापायी दवाखान्याच्या खेपा घातल्या म्हणे. माळकऱ्याच्या घरी कोंबडं कशाला? आन् पाळलं ते पाळलं, त्याच्यात एवढा जीव गुंतवल्यावर तुमचा भरतराजा व्हायचा नाही का?"

प्रश्न दोन होते. पहिल्याचे उत्तर सोपे. मी म्हटले, "बाबा, ते कोंबडं म्हातारं होऊन मरावं असं वाटत असेल तर माळकऱ्याचं घर सोडून त्याला दुसरी जागा कोणती?" मंडळी हसली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला आले नाही. "मासिकात लिहितो," असे सांगून मी सुटका करून घेतली. शब्द दिला तो पुरा केला पाहिजे, म्हणून हा लेख. त्यात माझी थोडी फजिती आहे. ती वगळून लिहिता आले असते, पण मग सांगण्यासारखे काही उरत नव्हते.

इ.स. २०२४ ची कार्तिकी करून पंढरपुराहून परतलो त्यास पंधरा दिवस झाले असतील. माझी नात, वय वर्षे नऊ, आठवडी बाजारातून ओंजळीत काहीतरी झाकून घरी आली. ओंजळ उघडली तो आत गुलाबी रंगाचे कोंबडीचे पिल्लू! वाचकांनीही बाजारात अशी पिल्ले पाहिली असतील. फुगेवाल्याच्या शेजारी टोपली घेऊन माणूस बसतो. टोपलीत हिरवी, पिवळी, गुलाबी पिल्ले चिवचिवत असतात. ही काही निराळी जात नव्हे. अंड्यांसाठी ज्या कोंबड्या पाळतात त्यांच्या उबवणीत निम्मी पिल्ले नर निघतात. नर अंडे देत नाही, आणि त्या जातीच्या नराला मांसही लवकर धरत नाही. तेव्हा मालकाच्या वहीत तो पहिल्या दिवसापासून नुकसानीत मांडलेला. पुष्कळ ठिकाणी असली पिल्ले जन्मताच मारून टाकतात. काही रंगात बुडवून लेकरांना खेळायला विकतात, आणि ती बहुधा आठ दिवसांत मरतात. रंग त्यांच्या अंगाचा नसतो. नवी पिसे फुटली की पांढरा पक्षी बाहेर येतो, पण तिथवर जगतो कोण?

हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आमच्या मुदखेडच्या शिवारात फुलांचे मळे, आणि पिल्लू गुलाबी, म्हणून नातीने नाव ठेवले गुलाब. आमच्या मंडळींनी त्याला मागल्या पडवीत जागा दिली, ती देवघराकडे फिरकू द्यायचे नाही या अटीवर. तीन दिवसांत ते त्यांच्याच पदराखाली निजू लागले ही गोष्ट वेगळी. आईवाचून वाढणाऱ्या पिल्लाला ऊब लागते. पहिल्या आठवड्यात तर आपल्या अंगाला नकोशी वाटेल इतकी. हल्लीचे पांढरे दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्याच्या माळ्यावर साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब मिळाला तो खोक्यात टांगला. खाली गोणपाट. पाण्याला वाटी. आणि खायला भात.

भाताचे असे झाले की त्याच सुमारास दत्तजयंतीचा सप्ताह होता. पंगती उठत, पांढराशुभ्र भात उरे, तो आमच्या घरी येई. प्रसादाचा भात, मऊ, पिल्लाला टिपायला सोपा. याहून चांगले अन्न ते कोणते, असे मला वाटे. पलीकडच्या गल्लीत एक वृद्ध मुसलमान बाई राहतात. सारी गल्ली त्यांना खाला म्हणते. जन्मभर त्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत. त्या एकदा पडवीत डोकावून म्हणाल्या, "महाराज, भात खाको मुर्गी जीती क्या? जवारी के कन्या डालो, कन्या." मी हसून मान डोलावली आणि भातच चालू ठेवला. आठ दिवसांनी त्यांनी तेच पुन्हा सांगितले. तेव्हाही मी मान डोलावली.

चौथ्या आठवड्यात पिल्लू पंख पाडून बसू लागले. खोक्यात रक्त दिसले. औषधाच्या दुकानी सांगितले की पिल्लांना होते ती रक्ती हगवण. डोळ्यांना न दिसणारे जंतू आतड्याच्या पडद्यात वाढतात, विष्ठेतून खाली पडतात, ओल्या उबदार जागी एकदोन दिवसांत पिकतात आणि दाण्यापाण्याबरोबर पुन्हा पोटात जातात. ओले उबदार गोणपाट तर मीच अंथरले होते! पाण्यातून द्यायची पूड मिळाली, अँप्रोलियम नावाची. गुण झपाट्याने आला. चौथ्या दिवशी रक्त थांबले, पिल्लू दाणे टिपू लागले.

पुडीवर लिहिले होते पाच दिवस. मी दिले जवळजवळ चार आठवडे. पुडीवर लिहिले होते सपाट चमचा. मी घालीत असे शिगोशीग. का? तर पुन्हा रक्त दिसले तर माझ्याने पाहवणार नाही म्हणून. लेकराला दोन घास जास्त वाढावेत तसे मी ते औषध वाढीत होतो, आणि वाढताना मला बरे वाटत होते. हे बरे वाटणे वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी पिल्लू बुडावर बसलेले आढळले, पाय आखडलेले, आणि मान मागे वळून डोके पाठीला टेकलेले. चोच आणि डोळे थेट आढ्याकडे. हाताने मान सरळ करावी तर क्षणभर राही, आणि सोडताच ताणलेल्या दोरीसारखी मागे जाई. नातीने विचारले, "आबा, ह्याची मान खाली का येत नाही?"

आता एकेकाची बुद्धी पाहा. एकजण म्हणाला दृष्ट लागली. खाटकाच्या दुकानी काम करणारा एक पोरगा भल्या मनाने म्हणाला, "मान मोडून टाका महाराज, सुटेल बिचारं." आमचे टाळकरी म्हणाले, "ह्याला समाधी लागली हो, वर देवाकडं बघतंय." आणि मी? माझे त्या रात्री जवळच्याच एका गावी कीर्तन होते. विषय अनन्यतेचा. निरूपणात मला त्या पिल्लाची आठवण झाली आणि मी दृष्टांत मांडला: मुक्या जिवाला दुखणे आले, अन्न सुटले, पाणी सुटले, तरी त्याची दृष्टी वरून हटत नाही, आपली मात्र सुखात असून खालच्या मातीवरून उठत नाही. मृदंगी रंगात आला होता. बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी आले. दृष्टांत चांगला उतरला म्हणून मलाही समाधान वाटले.

घरी आलो तेव्हा रात्र फार झाली होती. नात जागीच होती. कापसाचा बोळा पाण्यात बुडवून ती पिल्लाच्या चोचीच्या कडेला टेकवीत होती. चोचीत पाणी ओतले तर ठसका लागतो हे तिचे तिनेच शोधून काढले होते. मला म्हणाली, "आबा, त्याला तहान लागलीय. वाटी खाली आहे आणि तोंड वर आहे."

मी पाचसहाशे लोकांना सांगून आलो होतो की ते देवाकडे पाहते आहे. त्याला खाली पाहता येत नव्हते, इतकेच.

तरीही मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो नाही. त्याचे पुढचे कारण असे. दोनतीन दिवसांत लातूर जिल्ह्यातून बातमी आली की उदगीर शहरात कावळे पटापट मरत आहेत. भोपाळला पशुरोगांची जी राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे तिथे नमुने गेले आणि बर्ड फ्लू ठरला. जानेवारी २०२५ मधली ही गोष्ट. मराठवाड्यात हे नाव नवे नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावी सुमारे ८०० कोंबड्या दगावल्या, तपासात हाच रोग निघाला, आणि मग एक किलोमीटरच्या परिघातले पाळीव पक्षी सरकारी पथकांनी मारून पुरले. त्याही आधी, २००६ च्या फेब्रुवारीत, देशात हा रोग पहिल्यांदा उघडकीस आला तो आपल्याच महाराष्ट्रात, नवापूरला. तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. गल्लीत कुजबुज सुरू झाली, "महाराजांच्या पिल्लाची मान वाकडी झालीय म्हणे." मला भीती पडली की दवाखान्यात नेले तर तिथून ते परत येणार नाही. म्हणून मी नातीला सांगितले, "डालगं झाकून ठेव, कुणाला दाखवू नको."

एक अख्खा दिवस आणि एक रात्र ते पिल्लू डालग्याखाली राहिले. भरतराजा कसा झाला असेल ते मला त्या रात्री कळले.

भागवताच्या पाचव्या स्कंधातली कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. राज्य सोडून गंडकीच्या तीरी तप करणाऱ्या भरताने पाण्यात पडलेले हरिणीचे पाडस उचलले, वाढवले, त्यातच गुंतला आणि मरताना त्याचाच ध्यास घेऊन हरिणाच्या जन्माला गेला. आम्ही कीर्तनकार यावरून सांगतो की माया लावू नये. माझ्या पाठशाळेतल्या गुरुजींनीही तसेच सांगितले होते. परंतु मूळ कथेत एक जागा आहे, तिकडे माझे लक्ष आजवर गेले नव्हते. पाडस एकदा दृष्टीआड होते. भरत कासावीस होतो, इतक्यात चंद्र उगवतो. चंद्रावरचा डाग पाहून तो म्हणतो की पोरके पाडस चंद्राने दयेने जवळ घेतले असावे. पाडस आहे रानात कुठेतरी, भुकेले असेल, वाघाच्या टापूत असेल. आणि हा वर आकाशात त्याची सुंदर कल्पना करीत बसला आहे. पाडसाला वाचवले ही त्याची चूक नव्हे. नदीत बुडणाऱ्याला न उचलणारा तपस्वी कोणाला हवा आहे? चूक पुढची. त्याने पाडसाकडे पाहणे सोडले आणि आपल्या मनात जे पाडस होते त्याच्याकडे पाहू लागला. मीही चंद्रातच हरीण पाहिले होते, आणि तेही टाळमृदंगासह.

मोहाला दुसऱ्याचे दुःख दिसत नाही, आपल्याला होणारे दुःख दिसते. चमचा मी शिगोशीग भरला तो पिल्लाच्या गरजेने नव्हे, माझ्या भीतीने. डालगे झाकले ते पिल्लासाठी नव्हे, माझ्यासाठी. कारण झाकल्याने त्याची मान सुधारणार नव्हती, आणि खरोखरच तो साथीचा रोग असता तर खालाच्या बारा कोंबड्या आणि गल्लीतली लेकरे मी धोक्यात घातली होती. तो रोग माणसाला क्वचित होतो. पण जगभर ज्यांना झाल्याची नोंद आहे त्यांतले निम्म्याच्या आसपास दगावले आहेत. हे ठाऊक असून मी डालगे झाकले, आणि नऊ वर्षांच्या पोरीला लपवायला शिकवले. याला भूतदया म्हणायचे काय?

सकाळी उठून नातीला आणि पिल्लाला घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी पिल्लाला हात लावण्याआधी हातमोजे चढवले, तोंडाला फडके बांधले आणि प्रश्नांची फैर झाडली. वय किती? घरात, शेजारी दुसरा पक्षी मेला का? शिंकते का, नाकाडोळ्यांतून पाणी येते का, तुरा काळानिळा पडला का? विष्ठा कशी आहे? खायला काय देता? औषध काय दिले? किती? कधीपासून? मी उत्तरे देत गेलो. शेवटच्या तीन प्रश्नांना माझा आवाज बसत चालला होता.

त्यांनी जे सांगितले ते आमच्या न्यायशास्त्राच्या भाषेत सांगतो, कारण मला ते तसेच कळले. मान वळणे हा अनैकांतिक हेतु आहे, म्हणजे एकाच कारणाशी बांधलेला नाही. मानमोडीत मान वळते; जगात त्याला न्यूकॅसल म्हणतात आणि आपल्याकडे कुमाऊँतल्या राणीखेतवरून राणीखेत. मॅरेक नावाच्या रोगात पायाला लकवा होतो, एक पाय पुढे आणि एक मागे असा पक्षी पडतो, आणि मानही जाऊ शकते. ई जीवनसत्त्व कमी पडले तरी पिल्लू डोके फिरवून कोलमडते. डोक्याला मार लागला तरी होते. आणि बी-एक जीवनसत्त्व, ज्याला थायामिन म्हणतात, ते संपले तर पिल्लू बुडावर बसून नेमके असे आकाशाकडे पाहते. नुसती मान पाहून यातले कोणते ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. म्हणून पूर्वीची हकीकत पाहायची. भातावर वाढलेले पिल्लू, आणि चार आठवडे अँप्रोलियम.

त्या औषधाची युक्ती मला फार विलक्षण वाटली. ते रूपाने थायामिनसारखेच आहे. हगवणीचा जंतू त्याला थायामिन समजून घेतो आणि त्याचे काम होत नसल्याने उपाशी मरतो. जसा कोणी संताच्या वेषात शिरलेला भोंदू. आसन अडवतो, पण कार्य करीत नाही. जंतूला हा धोका लवकर बाधतो, पक्ष्याला सहज बाधत नाही, म्हणून मापात दिले तर जंतू मरतो आणि पक्षी राहतो. मात्र माप सोडून पुष्कळ दिवस दिले, आणि अन्नातही थायामिन नसले, तर पक्ष्याचीही तीच गत. सडलेल्या पांढऱ्या तांदळात ते फारसे उरतच नाही. ते असते कोंड्यात.

"म्हणजे मीच केलं," मी म्हटले.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "नक्की आत्ताच म्हणता येणार नाही. औषध बंद करा. मी बी-एकचं इंजेक्शन देते. तेच असेल तर आज-उद्यात दिसेल. नसेल तर दुसरं शोधू." अन्वय आणि व्यतिरेक! ज्याच्या असण्याने असते आणि नसण्याने नसते ते कारण, हे मी सोळाव्या वर्षी घोकले होते. पन्नास वर्षांनी एका मुलीने कोंबडीच्या पिल्लावर करून दाखवले. जाताना त्या नातीकडे पाहून बोलल्या, "ह्याला वेगळं ठेव, हात धूत जा. आणि घरात, शेजारी दुसरा एकही पक्षी आजारी पडला तर त्याच दिवशी कळवायचं. तेव्हा मला हे पिल्लूसुद्धा सोडता येणार नाही. चालेल?" नातीने बराच वेळ विचार केला आणि हो म्हणाली. मला त्यांनी विचारलेच नाही.

संध्याकाळपर्यंत डोके पाठीवरून सुटून खांद्याशी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लाने ज्वारीची एक कणी टिपली. खाला आल्या होत्या. कण्या त्यांच्याच घरच्या. त्या काही बोलल्या नाहीत, हे त्यांचे थोरपण.

या आकाशाकडे पाहण्याला एक इतिहास आहे, तो मी पुढे वाचून काढला. इ.स. १८८९ च्या सुमारास जावा बेटावर, बटाव्हियाला, आइकमन नावाचा एक डच डॉक्टर बेरीबेरी रोगाचा जंतू शोधीत होता. त्या रोगाने माणसांचे पाय लुळे पडत आणि हजारो मरत. प्रयोगासाठी पाळलेल्या त्याच्या कोंबड्या अचानक लंगडू लागल्या, आडव्या पडू लागल्या, आणि काही महिन्यांनी आपोआप बऱ्याही झाल्या. दुसरा कोणी असता तर सुटलो म्हणून गप्प बसला असता. याने चौकशी केली. कळले ते असे की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातला पांढरा भात मिळत होता. मग नवा आचारी आला. लष्कराचा तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांना कशाला, म्हणून त्याने तो बंद केला, आणि कोंबड्या बिनसडीच्या तांदळावर येऊन बऱ्या झाल्या. त्या आचाऱ्याच्या कृपणपणाने जगाचे केवढे कल्याण केले! पुढे जावातल्या तुरुंगांची पाहणी झाली, तेव्हा सडलेला तांदूळ खाणाऱ्या कैद्यांत बेरीबेरी फार, आणि कोंड्यासकट खाणाऱ्यांत जवळजवळ नाही, असे दिसले. गंमत अशी की खुद्द आइकमनचा तर्क सुरुवातीला चुकला होता. पांढऱ्या भातात विष आहे आणि कोंड्यात त्याचा उतारा, असे तो समजे. कोंड्यात शरीराला अवश्य असे काही आहे आणि ते नसणे हाच रोग, हे त्याच्या जागी आलेल्या ग्राइन्सने १९०१ मध्ये सांगितले. १९२९ मध्ये आइकमनला नोबेल पारितोषिक मिळाले. अभावानेही रोग होतो ही गोष्ट माणसाला कळण्यात आजारी कोंबडीचा एवढा वाटा आहे.

आपल्याकडे कोणी म्हणेल, महाराज, हे सगळे प्रारब्ध. असेलही. मी प्रारब्ध मानतो. परंतु प्रारब्ध फळावरून कळते, आधी कळत नाही. भोग भोगून संपण्याआधीच "त्याचे प्रारब्ध" म्हणून मोकळा होणारा माणूस शास्त्र सांगत नसतो, चौकशी टाळीत असतो. मी तर प्रारब्ध हा शब्दही वापरला नाही. मी त्याहून गोड शब्द वापरला, भक्ती म्हटले. नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाला कावडीतले गंगाजल पाजले ही कथा मी शेकडो वेळा सांगितली असेल. नाथांना त्या गाढवाची तहान दिसली, म्हणून त्यांनी पाणी दिले. मला तहान दिसली नाही, मला दृष्टांत दिसला. माझ्या नातीला तहान दिसली.

तेव्हा त्या बाबांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे. जीव गुंतवल्याने भरतराजा होत नाही. पाहणे सोडल्याने होतो. गुंतलेला जीव विचारायला लावत असेल, वय काय, खाल्ले काय, दिले किती, आणि उत्तर आपल्या विरुद्ध गेले तरी ऐकायला लावत असेल, तर ती दया. तोच जीव डालगे झाकायला लावील तर तो मोह. दोन्ही एकाच घरात, एकाच दिवशी, एकाच माणसाच्या ठिकाणी असतात, म्हणून फसगत होते.

इथे उत्तर पुरे झाले असे म्हणवत नाही. गुलाब बरा होऊन आठवडा झाला नाही तोच, जानेवारीच्या अखेरीस, आमच्याच जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातील किवळा गावी कोंबड्या मेल्याची आणि बर्ड फ्लू ठरल्याची बातमी आली. मग नियमाप्रमाणे रोगाच्या जागेभोवतीचे पक्षी मारणे आले, दहा किलोमीटरपर्यंत पाळत आली. त्या परिघात कोणाच्या तरी पडवीत एखादा गुलाब असेलच, निरोगी, दाणे टिपणारा, आणि त्याला झाकून धरणारी एखादी नातही असेल. तिला मी काय सांगितले असते? एकाला वाचवण्यासाठी हजारांना धोक्यात घालू नये, हे मला कळते, आणि पथके पाठवणाऱ्यांना मी निर्दय म्हणणार नाही. त्यांनाही रात्री जेवण गेले नसेल. आमच्या गळ्यातली माळ हिंसा करू नको म्हणते. ती त्या मुलीच्या हातातून पक्षी काढून घ्यायलाही सांगते का? मी अजून हो म्हणू शकलेलो नाही, आणि नाही म्हटले तर डालगे झाकल्यासारखे होते. माझ्या नातीने हो म्हटले होते, हे मात्र मी पाहिले आहे.

असो. गुलाबाचे आता पांढरे कोंबडे झाले आहे. तुरा लालभडक आहे. मान किंचित डावीकडे कललेली राहिली, ती तशीच राहील असे डॉक्टरबाई म्हणाल्या. काकडआरतीची वेळ त्याला मुळीच साधत नाही. रात्री दोनला आरवते आणि गल्लीच्या शिव्या मला खाव्या लागतात.

नातीने माझ्यामागे एक धोशा लावला होता. "आबा, तुम्ही त्या गावात खोटं सांगितलंत ना? मग जाऊन खरं सांगा की." चैत्रात त्याच गावी पुन्हा बोलावणे आले. कीर्तनाच्या शेवटी, आरतीपूर्वी, मी सगळी हकीकत सांगितली, चमच्यासकट. पिल्लू देवाकडे पाहत नव्हते, माझ्या हातून त्याला बाधा झाली होती, असे स्पष्ट सांगितले. लोकांनी शांतपणे ऐकून घेतले. पाया पडताना एक म्हातारी माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही काय बी म्हणा महाराज, वर बघत हुतं म्हणूनच वाचलं ते." आणि तो पहिला दृष्टांत आता आमच्याच भागातले दुसरे एक कीर्तनकार सांगतात, त्यात पिल्लाच्या जागी मोर असतो, असे परवाच कानी आले.